स्कॅन झाला, पण वाचला कुणी?

माझ्या दवाखान्यातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात सीडींचा एक गठ्ठा आहे. रबरबँड लावलेला, धूळ बसलेला. प्रत्येक पाकिटावर स्केचपेनने पेशंटचं नाव, वय, तारीख, फोन नंबर आणि त्याखाली 'सीबीसीटी'. दातांचा आणि जबड्याचा थ्री-डी एक्स-रे म्हणून लोक ज्याला ओळखतात, तो हा. सोलापूरच्या पूर्व भागात पंचवीस वर्षं दातांची डॉक्टरकी करतोय. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांचा हा साठा.

त्यातली एक सीडी मी गठ्ठ्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवली आहे. ती चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानदाराची. वरची उजवी दाढ काढलेली, तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर कृत्रिम दात, बसवायचं होतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी असते. तिच्या तळाखाली हाड किती शिल्लक आहे हे न बघता स्क्रू घातला तर तो थेट पोकळीत जायचा. म्हणून स्कॅन सांगितला. सेंटरवाल्याने वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे काढून दिले. पॅकेजच तसं होतं. मी सीडी लावली, उजव्या बाजूला गेलो, हाड मोजलं, नऊ मिलिमीटर भरलं. खूश झालो आणि सीडी पाकिटात घातली. इम्प्लांट झकास बसलं.

अडीच वर्षांनी शेठ पुन्हा आले. या खेपेला डावा खालचा गाल किंचित सुजलेला. दुखणं काहीच नाही. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र सपाट एक्स-रे, काढला तर अक्कलदाढेच्या मागून जबड्याच्या उभ्या फांदीत वरपर्यंत काळा डाग चढलेला. मला घाम फुटला तो डाग बघून नव्हे. मला ती जुनी सीडी आठवली म्हणून. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि लावली. त्याच डाव्या अक्कलदाढेमागे हरभऱ्याएवढी पोकळी स्वच्छ दिसत होती. अडीच वर्षांपूर्वी. माझ्याच कपाटात.

बायोप्सीत केराटोसिस्ट निघाली. ही गाठ मोठी लबाड. हाड बाहेरून फुगवायच्या आधी ती आतल्या आत लांबीने सरकत जाते, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. शिवाय काढली तरी पुन्हा उगवायची खोड. ऑपरेशन झालं, डावीकडच्या दोन दाढा गेल्या, आणि आता वर्षानुवर्षं तपासणीला येत राहावं लागणार. टाके काढायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तेव्हाच्या त्या फोटोत ही होती का?"

"होती, शेठ."

ते थोडा वेळ गप्प बसले. आवाज चढवला नाही. "मग मी पैसे कशाचे दिले?"

दुकानदार माणूस. माल आणि मोल यांचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की त्यांनी पैसे दिले ते फोटो काढण्याचे. तो बघण्याचे पैसे कुणी मागितले नव्हते, कुणी दिले नव्हते, म्हणून तो कुणी बघितला नाही. सेंटरचा टेक्निशियन यंत्र चालवतो, त्याने निदान करायचं नसतं. माझ्यासारखा दंतवैद्य आपल्याला हवी ती जागा बघतो आणि उठतो. मधला माणूस, म्हणजे पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत सगळं बघून दोन ओळी लिहून देणारा, या व्यवहारात कुठेच नाही. माझं म्हणणं असं आहे की पूर्ण स्कॅन वाचून, सही करून दिलेल्या रिपोर्टशिवाय सीबीसीटी पेशंटच्या हातात द्यायलाच बंदी हवी. सल्लावजा पत्रक नको, नियम हवा.

हे ऐकून माझे काही व्यवसायबंधू चिडतात. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी हे यंत्र नेमकं काय करतं ते सांगतो, कारण त्याविषयी भक्ती फार आणि माहिती कमी आहे.

आपल्याकडच्या जॅकार्ड चादरीची आठ पदरी घडी घालून ती उजेडासमोर धरा. मोर, वेलबुट्टी, काठ, सगळं एकावर एक येऊन जे दिसेल, तो साधा एक्स-रे. ओपीजीत जबडा कानापासून कानापर्यंत उलगडलेला दिसतो खरा, पण जाडी त्यातही दाबलेलीच. सुळा हाडात अडकलाय एवढं कळतं. तो ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे ठामपणे सांगता येत नाही. सीबीसीटीत शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती एक फेरी मारतो. दहा-वीस सेकंदांच्या त्या फेरीत शेकडो चित्रं निघतात आणि संगणक त्यांची गणितं करून जबड्याचा ठोकळाच उभा करतो. मग तो हवा तिथून, हवा तसा कापून बघायचा. या हिशेबाची रीत फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी १९८४ साली मांडली होती. पिएरो मोझ्झो आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या व्हेरोना इथलं दातांसाठीचं यंत्र १९९८ मध्ये जगासमोर ठेवलं, आणि त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई त्याच वाटेवर होते. नव्वदच्या दशकात जी गोष्ट युरोप-जपानच्या प्रयोगशाळेत होती, ती आज सात रस्त्याला रिक्षा करून गेलं की मिळते. हे भाग्यच आहे, त्याची टिंगल मला करायची नाही.

पण ठोकळा म्हणजे किती? दोन्ही जबड्यांचा स्कॅन ०.२ मिलिमीटरच्या जाडीने कापला तर तिन्ही दिशांचे मिळून हजारावर काप होतात. आणि पेशंटच्या हातात काय पडतं? चकचकीत कागदावर आठ-दहा निवडक चित्रं, एक रंगीत थ्री-डी कवटी (ती घरी सगळ्यांना दाखवायला बरी) आणि एक सीडी किंवा पेनड्राइव्ह. कवटीचं ते चित्र निदानाच्या कामी फारसं येत नाही. खरं ते करड्या रंगाच्या कापांत असतं, आणि ते कुणी उघडत नाही.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी दाजी पेठेतली एक अव्वा नातीला घेऊन आली. विड्या वळून वळून अव्वाची बोटं वाकडी झालेली. पोरगी बारा वर्षांची. तक्रार काय तर समोरचा एक दात 'बारका' राहिलाय. बघितलं तर वरचा उजवा सुळा अजून दुधाचाच. डावीकडचा पक्का सुळा येऊन बसलेला. मी बोटाने वरच्या हिरडीवर चाचपलं. नवव्या-दहाव्या वर्षापासून पक्क्या सुळ्याचा उंचवटा तिथे बोटाला लागायला हवा. डावीकडे दात खाली आलेला, उजवीकडे सपाट. टाळूकडे मात्र किंचित फुगीर.

ओपीजीत सुळा आडवा दिसला, शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर डोकं ठेवून. इथे खरा प्रश्न सुळ्याचा नसून शेजाऱ्याचा असतो. अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ कुरतडतो, आणि पेशंटला कळही येत नाही. स्वीडनमधल्या एरिकसन आणि कुरोल या जोडीने २००० साली अशा वाट चुकलेल्या सुळ्यांच्या मुलांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा त्या बाजूच्या, सुळ्याला लागून असलेल्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्क्यांची मुळं झिजलेली सापडली. साध्या एक्स-रेत त्यातली बरीच दिसली नसती.

म्हणून स्कॅन हवा होता. चिठ्ठीवर मी लिहिलं: वरचा उजवा सुळा टाळूकडे आहे का, शेजारच्या मुळाची झीज किती, फक्त एवढा भाग, पाच बाय पाच सेंटिमीटर. पंधरा मिनिटांत सेंटरवरून फोन. "डॉक्टर, त्याच पैशात पूर्ण तोंड होतंय की. छोटं कशाला?"

त्याच पैशात! आपण सोलापूरकर भाजीवाल्याकडून वर मूठभर कोथिंबीर घेतल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे ही भाषा आपल्याला पटकन भिडते. पण किरणं ही कोथिंबीर नाही. ओपीजीचा डोस साधारण १० ते ३० मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं हे माप). सीबीसीटीत यंत्रागणिक मोठा फरक पडतो, तरी छोट्या चौकटीला सरासरी ८० ते १००, मोठ्या चौकटीला २०० च्या घरात. घाबरण्यासारखं यात काही नाही: निव्वळ या पृथ्वीवर राहण्याचा म्हणून माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट निसर्गच देतो. म्हणजे मोठा स्कॅन साधारण महिनाभराच्या निसर्गाएवढा. डोक्याच्या मोठ्या सीटीपेक्षा तर तो कितीतरी कमी. पण वाढत्या वयातल्या पोरीच्या थायरॉइडला किरणं मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात, आणि तिच्या खालच्या जबड्याबद्दल मला काहीही विचारायचं नव्हतं. ज्या भागाबद्दल प्रश्नच नाही, त्याला कमी असली तरी किरणं कशासाठी द्यायची?

छोटाच स्कॅन झाला. सुळा टाळूकडे होता, शेजारच्या मुळाला टोकाशी चिमूटभर खाच पडलेली, पण मूळ वाचण्याजोगं. हिरडी उघडून सुळ्याला बटण चिकटवलं, साखळी बांधली, आता तारेने तो हळूहळू ओढला जातोय. ही पोरगी मला दोन वर्षं आधी भेटली असती तर कदाचित दुधाचा सुळा नुसता वेळेत काढून काम भागलं असतं. त्याच एरिकसन-कुरोल यांनी १९८८ साली असे ४६ सुळे तपासले होते. दुधाचा दात काढल्यावर ३६ सुळे आपसूक वाटेला लागले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत जातात, दातही बघतात. चौथी-पाचवीच्या मुलांच्या हिरडीवरून एक बोट फिरवायला त्यांना शिकवलं, तर पुढचे कितीतरी स्कॅनच लागणार नाहीत. पण बोटाची जाहिरात कोण करणार!

तर, व्यवसायबंधूंचे आक्षेप. पहिला: रिपोर्टमुळे खर्च वाढेल. आधीच स्कॅनचे पैसे म्हणजे विडी कामगार बाईची आठवडाभराची मजुरी. त्यावर वाचणाऱ्याची फी चढवली तर गरीब माणूस स्कॅनच करणार नाही. दुसरा: दंत-क्ष-किरणशास्त्रात एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेली माणसं इथे आहेत किती? तिसरा, जो मोठ्याने कुणी म्हणत नाही: आम्हाला वाचता येत नाही असं म्हणायचंय का?

तिसऱ्याचं उत्तर मी माझ्या सीडीने दिलं आहे. वाचता येत होतं. वाचलं नाही. शेठजींची ती पोकळी ओळखायला एमडीएस लागत नव्हतं, पाच मिनिटं जास्त बसायला लागत होतं. आपण ज्यासाठी स्कॅन मागवतो तेवढंच आपल्याला दिसतं, हा डोळ्यांचा धर्म आहे. रिपोर्ट लिहायचाय म्हटलं की तोच डोळा सायनसमधून जातो, जबड्याच्या सांध्यापाशी थांबतो, खालच्या नसेचा मार्ग धरून मागे जातो, कारण प्रत्येक जागी 'ठीक' किंवा 'ठीक नाही' असं लिहून खाली सही करायची असते. सही माणसाला शहाणं करते.

माणसं कमी आहेत हे खरं. पण या स्कॅनची फाइल तारेवरून कुठेही जाते. सोलापुरात काढलेला स्कॅन पुण्यात किंवा हैदराबादेत वाचून संध्याकाळपर्यंत रिपोर्ट परत येऊ शकतो. पोटाच्या आणि डोक्याच्या स्कॅनचं हे गावोगावी चालू आहे, दातांनीच काय घोडं मारलंय?

आणि खर्च. इथे मला वाटतं माझे मित्र उलट्या टोकाने बघतात. जेवढं काढाल तेवढं सगळं वाचून त्याची जबाबदारी घ्यायची, असा नियम आला की पहिल्याच महिन्यात काय होईल? पाच सेंटिमीटरच्या चौकटीत वाचायला दोन-तीन दात. पूर्ण तोंडाच्या चौकटीत दोन्ही जबडे, दोन्ही सायनस, दोन्ही सांधे, मानेचे वरचे मणके. त्यात काही राहिलं तर सही तुमची. मग 'त्याच पैशात पूर्ण तोंड' म्हणणारा सेंटरवाला आपण होऊन विचारायला लागेल, "डॉक्टर, नेमकी कुठली जागा?" किरणं कमी करा म्हणून वीस वर्षं परिषदांमधून भाषणं होत आहेत. वाचनाची सक्ती ते काम भाषणाशिवाय करेल.

शिवाय बरेच स्कॅन मुळात लागतच नाहीत. सरळ उभ्या अक्कलदाढेला, साध्या रूट कॅनालला, नुसत्या किडीला सीबीसीटी कशाला? युरोपातल्या दंत-क्ष-किरण अकादमीने २००९ साली वीस मूलतत्त्वं ठरवली. त्यात आधी तोंड तपासा आणि मगच स्कॅन सांगा, प्रत्येक पेशंटसाठी कारण द्या, आणि काढलेल्या संपूर्ण स्कॅनचं लेखी मूल्यमापन करा, असं स्वच्छ आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, १९८३ पासून. २००४ च्या नियमांखाली ते यंत्राला परवानगी देतं, भिंतींची जाडी, गळती, दर्जा तपासणी बघतं. ते आपलं काम करतं. पण त्याचा विषय किरणं. काढलेलं चित्र कुणी वाचलं का, हा त्याचा विषय नाही. तो दंतवैद्यकाच्या नियामकांचा. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. नव्या आयोगाच्या पाटीवर ही एक ओळ लिहायला जागा नक्की असेल.

सोलापुरात मधूनमधून मागणी होते की सरकारी पैशातून असं यंत्र आणा. माझा त्याला विरोध नाही. दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुलं, अपघातात जबडा मोडलेले, गाठी घेऊन मंगळवेढ्याहून, करमाळ्याहून येणारे लोक यांना त्याची खरी गरज आहे, आणि पेट्या फोडून नारळ वाढवायचा समारंभ कुणाला आवडत नाही? पण वाचणाऱ्याचं पद मंजूर न करता यंत्र आणलं तर कपाटातल्या सीडींचा गठ्ठा सरकारी होईल, एवढाच फरक. आधी वाचणारा नेमा, मग निविदा काढा. आणि वाचणारा नेमला तर यंत्र येईपर्यंत तो खासगी सेंटरमधून आलेले गरिबांचे स्कॅन फुकट वाचून देऊ शकेल. हे उद्यापासून होण्यासारखं आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती या गावात सांगायलाच हवी. मध्यंतरी पस्तिशीतला एक यंत्रमाग कामगार आला. तंबाखू-सुपारीचा मावा खाऊन तोंड दोन बोटांएवढंच उघडत होतं. हातात पूर्ण तोंडाचा सीबीसीटी, स्वतःहून काढून आणलेला. "सगळं बघितलंय डॉक्टर, फोटोत काय नाही निघालं," म्हणाला. त्याच्या जिभेच्या कडेला लाल-पांढरा चट्टा होता. आरशाशिवायही दिसला असता, पण तोंड उघडायला लावून बघायला हवा. सीबीसीटी हाड बघतो. गाल, जीभ, हिरडीचा चट्टा, यातलं त्याला जवळजवळ काही कळत नाही. धातूच्या कॅपा असतील तर त्यांच्या आजूबाजूला काळ्या रेघा उठतात आणि तिथलं हाडही धड दिसत नाही. रूट कॅनाल केलेल्या दाताच्या मुळाला तडा गेलाय का, हे तर तो कधी कधी छातीठोकपणे चुकीचं सांगतो. त्या माणसाला मी त्याच दिवशी बायोप्सीला पाठवलं. त्याच्या स्कॅनसोबत रिपोर्ट असता, तर 'या तपासणीत मऊ भागांचे आजार दिसत नाहीत' ही ओळ त्यात आली असती. ती वाचून तो महिनाभर आधी आला असता का, कुणास ठाऊक.

मी माझ्यापुरतं दोन वर्षांपासून ठरवलं आहे. चिठ्ठीवर प्रश्न लिहिल्याशिवाय स्कॅन सांगत नाही, आणि रिपोर्ट नसेल तर पैसे देऊ नका असं पेशंटला बजावतो. एक-दोन सेंटरवाल्यांनी माझ्याकडे दिवाळीची मिठाई पाठवणं बंद केलं. चालायचंच.

आणि तो गठ्ठा. नवीन लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला. रविवारी सकाळी जुन्या सीडी एकेक करून पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत बघतोय. आतापर्यंत एकतीस झाल्या. एकीत वरच्या पटाशीच्या दातांमध्ये जादा दात उलटा झोपलेला सापडला. तो मुलगा आता कॉलेजात आहे, त्याच्या वडिलांशी बोललो, ते घेऊन येणार आहेत. दुसरीत खालच्या दाढेखाली एक गडद वर्तुळ आहे. काही नसेलही. पाकिटावरचा नंबर बंद लागतोय. पत्ता कुंभारीच्या विडी घरकुलातला आहे, येत्या रविवारी सकाळी जाऊन येतो.